होकार मागणारे जास्त डेंजर

मंडळी, स्पॉयलर आहेत. ज्यांचं 'सुपरनॅचरल' (भुताखेतांची शिकार करणाऱ्या डीन आणि सॅम या भावांची अमेरिकन मालिका) बघायचं राहिलंय त्यांनी इथूनच परत फिरावं.

मालिका २०२० मध्ये संपली, पण पुण्यात नळ स्टॉपला चहा घेताना आमचं भांडण अजून तेच: देवदूत भारी की डेमन? माझं मत ठाम आहे. भ्यायचंच असेल तर देवदूतांना भ्या.

डेमन आपल्या मुंजासारखा, न विचारता मानगुटीवर बसतो. पण डोळे काळे झाले की ओळखू येतो, आणि खिडकीत मिठाची रेघ ओढली की बाहेरच चडफडत राहतो. देवदूताला मात्र अंगात शिरायला माणसाचा होकार लागतो. लोकांना याचंच कोण कौतुक! अहो, तो होकार काढतात कसा ते बघा. पाचव्या सीझनच्या पहिल्याच भागात झकरायाह नावाचा देवदूत डीनला पोटाचा कॅन्सर देतो, सॅमची फुप्फुसं गायब करतो. का, तर डीनने मायकेल या बड्या देवदूताला 'हो' म्हणावं.

आणि जिमी नोवॅक? रेडिओवरच्या जाहिराती विकणारा साधा भाविक माणूस. कॅस्टिएल या देवदूताला एकदा 'हो' म्हणाला आणि घरादाराला मुकला. पुढे कॅस्टिएल त्याच्या लेकीच्या, क्लेअरच्या अंगात शिरतो, तेव्हा पोटात गोळी लागलेला जिमी विनवतो, तिला सोड, मला घे. कॅस्टिएल घेतो. बायको-पोरगी बघतायत, आणि हा डीनला सुनावतो की मी स्वर्गाची चाकरी करतो, माणसाची नाही. पुण्यात भाडेकरूशीसुद्धा ११ महिन्यांचा करार होतो हो, इथे मुदतच नाही!

डेमन मुळात माणसंच, नरकात पिळून निघालेली. क्राउली म्हणजे ३ इंच वाढवून घ्यायला आत्मा विकलेला स्कॉटिश शिंपी. (माझा लाडका. वाद नको.) म्हणून तर त्यांच्यावर इलाज चालतो, डीनसुद्धा डेमन होऊन परत माणसात आला. देवदूत माणूस नव्हतेच कधी, त्यांना परत आणणार कुठे?

मैत्रीण म्हणते, जय-विजय आठव. वैकुंठाचे द्वारपाल, शापाने हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू झाले; दोन्ही बाजूंचा मालक एकच. मुद्दा बिनतोड. २०१० मध्ये मालिकेतला लेखक-प्रेषित चक हवेत विरला तेव्हापासून फॅन म्हणत होते, हाच देव. २०१६ मध्ये तसंच निघालं, आणि शेवटच्या सीझनमध्ये तोच खलनायक. पण मालक नालायक म्हणून नोकर सुटत नाहीत.

कॅस्टिएलचं नाव काढाल, माहितीये. तो चांगला झाला तो स्वर्गाचं ऐकणं सोडल्यावर. आणि तोवर जिमी मरून गेला होता, शरीर मात्र याच्याकडेच.