ऑप्शनल म्हणजे जावंच लागते नं?

आज सकाळी लेकीच्या डब्याच्या पिशवीत शाळेची चिठ्ठी सापडली. पेंचची सहल, १२०० रुपये, 'ऑप्शनल'. त्याखाली: न येणाऱ्यांनी पालकांच्या सहीनिशी कारण लिहून द्यावे.

पाचवीतली पोरगी मला विचारते, "आई, ऑप्शनल म्हणजे जावंच लागते नं?"

डोकं सणकलं माझं. पण तिचं काय चुकलं? तिनं हा शब्द जिथे पाहिला तिथे हाच अर्थ निघाला. गॅदरिंगचा ड्रेस ऑप्शनल, नाही घेतला तर मागच्या रांगेत. शाळाच कशाला, भाचा यूपीएससी करून राहिला. मुख्य परीक्षेत ऑप्शनलचे २५० मार्कांचे दोन पेपर. सोडून दाखवा बरं! (कळतं मला, तिथे विषय निवडायचा असतो, पेपर टाळायचा नसतो. मग 'निवडीचा विषय' म्हणा नं.)

आपल्याकडे शब्द आहेत हो. ऐच्छिक म्हणजे तुमची इच्छा. पर्यायी म्हणजे याच्याऐवजी ते. पुलाचं काम निघालं की पर्यायी मार्ग, तिथे इच्छा कोण विचारतं? नागपूरकरांना हे सांगायला नको. हे दोन्ही आपण एका ऑप्शनलमध्ये कोंबले आणि वरून सक्तीही त्यातच भरली. जावंच लागते नं!

खरं ऑप्शनल पाहायचं तर पोह्याच्या ठेल्यावर या. "ताई, तर्री टाकू?" नको म्हटलं की नको. कारण विचारत नाही, सही मागत नाही.

मॅडम लोकांनाही बस भरायची असते, वरून दट्ट्या असतो. असेल. पण त्याचा भार दहा वर्षांच्या पोरीवर?

चहा झाल्यावर तिला जवळ बसवून विचारलं, तुला जायचंय का? मान हलवली, नाही. गाडी लागते तिला. गेल्या वर्षी मनसरच्या पुढे दोन पिशव्या भरल्या आणि बाजूची मैत्रीण उठून दुसरीकडे बसली. हे मला आज सांगून राहिली, वर्षभरानं.

"मग नाही लिहू?"

"लिही. पण मॅम सगळ्यांसमोर कारण वाचतात."

म्हणून गाडी लागते असं लिहिलंच नाही. कारणाच्या रेघेवर लिहिलं, 'सहल ऐच्छिक असल्यामुळे', आणि सही ठोकली.

तिनं दोनदा वाचलं. "चालते नं असं?"