राज्यांना बाजूला ठेवून जीएमचा निर्णय नको

एका लेखात म्हटलंय की जीएम म्हणजे जनुक बदललेल्या पिकांचा निर्णय एकट्या केंद्रानं घ्यावा, चाचणीला राज्याची एनओसी लागते ती अट काढून टाकावी. मला हे अजिबात पटलं नाही. शेती घटनेत राज्यसूचीत आहे ओ, आणि जीईएसी, म्हणजे जीएम बियाण्याला मंजुरी देणारी केंद्राची समिती, चालते पर्यावरण कायद्याखाली, म्हणजे बियाणं पास करणार दिल्ली आणि पीक गेलं तर निस्तरणार राज्य.

बीटी वांग्याचंच, म्हणजे अळीला मारणारं जनुक घातलेल्या वांग्याचंच बघा की. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं त्यात आपल्या रायबागकडचं कुडची वांगंपण घेतलेलं, २००९ ला जीईएसीनं हिरवा कंदील दिला पण बऱ्याच राज्यांनी नको म्हटलं आणि फेब्रुवारी २०१० ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेशनी ते थांबवलं. जीएम मोहरीच्या केसमध्ये जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं मंजुरीवर एकमत झालं नाही, तरी राज्यांशी बोलून राष्ट्रीय धोरण करा हे दोघांनीही सांगितलंय.

मी जीएमच्या विरोधात नाही, बीटी कापसानं सुरवातीला फवारण्या कमी झाल्या हे खरंय, पुढं गुलाबी बोंडअळी डोक्यावर बसली हेही खरंय.

पण आमच्या सीमाभागाचं काय? कर्नाटकातली निपाणी सोडली की महाराष्ट्रातलं कागल, बियाण्याची पिशवी कुठली हद्द बघते? एका राज्यानं चाचणीला हो म्हटलं आणि दुसऱ्यानं नाही, तर बांधाला बांध लागून असलेल्यानं दाद कुठं मागायची? अशा ठिकाणी दोन्ही राज्यांनी एकत्र बसून ठरवावं आणि चाचणीची माहिती कन्नड-मराठी दोन्हीत पंचायतीत लावावी.