‘सही केलीत की कोंडतील’: ‘अनसेन’च्या नावाने फिरणारा मजकूर आणि खरा कायदा

‘अनसेन’ हा स्टीव्हन सोडरबर्ग यांचा २०१८ चा चित्रपट. त्यावरून कुणीतरी लिहिलेला लांबलचक मजकूर सध्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. माझ्याकडे तो मावशीकडून आला. खाली तिने स्वतः एक ओळ जोडली होती: “धाकटीला सांग, ते समुपदेशन राहू दे आता.” एका फॉरवर्डमुळे एखाद्या मुलीचे उपचार थांबणार असतील, तर त्याला सविस्तर उत्तर द्यायलाच हवं.

मजकुरातले मुद्दे असे: चित्रपट सत्यकथा आहे. समुपदेशकापुढे ‘जगावंसं वाटत नाही’ म्हटलं की सही घेऊन कोंडतात, म्हणून तोंड उघडू नका. आपल्याकडेही एका नातेवाइकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांच्या सह्या मिळाल्या की माणूस जन्मभर आत. आत शुद्धीवर असताना शॉक देतात आणि अंधारकोठडीत टाकतात. आणि पाठलाग करणाऱ्याविरुद्ध तक्रारीचा उपयोग नसतो, गाव सोडलेलं बरं.

सत्यकथेचं आधी उरकून घेतो. जोनाथन बर्नस्टीन आणि जेम्स ग्रीअर यांनी लिहिलेली ही काल्पनिक पटकथा आहे. आयफोनवर चित्रीकरण केलं हे खरं आहे, पण त्याने कथा खरी ठरत नाही.

आता सगळ्यात घातक मुद्दा. चित्रपटाची नायिका सॉयर पाठलागाला कंटाळून बॉस्टन सोडते आणि पेनसिल्व्हेनियात येते. एका केंद्रात समुपदेशकाशी बोलताना पूर्वी आत्महत्येचे विचार आल्याचं सांगते, पुढे आलेले कागद न वाचता सह्या करते आणि अडकते. आधी २४ तास, मग आणखी सात दिवस. पोलीस येतात, तिची सही बघतात आणि परत जातात. पेनसिल्व्हेनियाच्या १९७६ च्या कायद्यात इच्छेविरुद्ध तातडीने ठेवण्याची मर्यादा १२० तासांची आहे. त्यापुढे ठेवायचं तर न्यायाधीश किंवा नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे सुनावणी लागते आणि रुग्णाला वकील मिळतो. चित्रपटाने ती सुनावणी दाखवलीच नाही. कथेला ते चालतं, पण त्यावरून कुणी आरोग्याचा सल्ला देऊ लागलं तर ते चालणार नाही.

आपल्याकडे काय होतं ते ‘मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७’ सांगतो. चित्रपट मार्च २०१८ मध्ये आला आणि हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. समुपदेशकाला कुणालाही दाखल करून घेण्याचा अधिकारच नाही. स्वतःच्या इच्छेने दाखल होण्यासाठी कलम ८६ आहे. त्यात आजार दाखल करण्याइतका तीव्र आहे, दाखल होऊन फायदा होईल आणि माणूस समजून-उमजून, दबावाविना विनंती करतोय, याची खात्री रुग्णालयातल्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याने किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिकाने (मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वगैरे) करायची असते. अशा रुग्णाला संमतीशिवाय उपचार देता येत नाहीत. त्याने ‘मला घरी जायचंय’ म्हटलं की कलम ८८ प्रमाणे सोडावं लागतं. अपवाद एकच. परिस्थिती गंभीर वाटली तर तपासणीसाठी जास्तीत जास्त २४ तास थांबवता येतं, आणि तपासणी आधी झाली तर तेवढेही नाही. त्यानंतर एकतर कलम ८९ च्या (संमतीशिवाय दाखल करण्याच्या, त्या पुढे येतात) सगळ्या अटी पूर्ण करा, नाहीतर सोडा. म्हणजे चित्रपटातले २४ तास आपल्या कायद्यातही सापडतात, पण त्यांच्या पुढचे सात दिवस रुग्णालय आपल्या मर्जीने वाढवू शकत नाही.

आणि ‘जगावंसं वाटत नाही’ हे वाक्य ऐकल्यावर जाणता समुपदेशक काय करतो? तो प्रश्न विचारतो. विचार कधीपासून येतात? काही ठरवलंय का? साधन हाताशी आहे का? पूर्वी प्रयत्न झालाय का? घरात कोण आहे? मग घरातलं कीटकनाशक किंवा गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात देणं, वाईट वेळी कुणाला फोन करायचा त्यांची नावं लिहून ठेवणं, पुढची भेट दोन-चार दिवसांतच ठरवणं, असं सुरू होतं. विचार येणं वेगळं आणि जीव धोक्यात असणं वेगळं. हा फरक कळण्यासाठीच तर बोलावं लागतं. लपवलं तर समोरचा माणूस झोपेची तक्रार ऐकून झोपेवरच सल्ला देईल आणि धोका तसाच राहील. माहिती बाहेर जाण्याची भीती असेल तर कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. त्याला जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावरही कलम ११५ मुळे खटला चालवता येत नाही, उलट सिद्ध झालं नाही तर तो तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं. ‘तोंड उघडू नका’ हा सल्ला म्हणूनच माणसाचा जीव घेऊ शकतो. आज कुणाला बोलायचं असेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

दोन सह्या आणि जन्मभर? हा मुद्दा कुठून आला तेही सांगतो. १९८७ च्या जुन्या कायद्यात कलम १९ होतं. नातेवाइकाने, अगदी मित्रानेसुद्धा, अर्ज केला आणि दोन डॉक्टरांचे दाखले जोडले की ९० दिवसांपर्यंत ठेवता येत असे. तो कायदा रद्द झाला. आता कलम ८९ लागतं. नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलायला त्याने स्वतः लिहून नेमलेल्या व्यक्तीचा (नेमलेली नसेल तर आधी नातेवाइकाचा), अर्ज हवा. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, दोघांनी त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत, वेगवेगळं तपासलेलं हवं. स्वतःला इजा, दुसऱ्याशी हिंसा किंवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता यांपैकी काहीतरी हवं, शिवाय रुग्णाला स्वतः निर्णय घेणं शक्य नसावं. मुदत ३० दिवस. दर सात दिवसांनी निर्णयक्षमता पुन्हा तपासायची. बाई किंवा अल्पवयीन मूल असेल तर तीन दिवसांत, इतरांसाठी सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं. जिल्हा न्यायाधीश दर्जाची व्यक्ती या मंडळाची अध्यक्ष असते. रुग्णाने मंडळाकडे अर्ज केला तर निर्णय सात दिवसांत द्यावा लागतो आणि कलम २७ प्रमाणे वकील मोफत मिळतो. तीस दिवसांपुढे कलम ९०: दोन मनोविकारतज्ज्ञ, मंडळाची परवानगी, आधी ९० दिवसांपर्यंत, मग १२०, मग १८०. प्रत्येक मुदतवाढीला पुन्हा तपासणी. ‘जन्मभर’ची तरतूद कुठेच नाही.

मजकुरात अर्धं सत्य आहे, तेही मान्य करतो, नाइलाजाने. विम्याच्या पैशांसाठी रुग्ण अडकवून ठेवण्याचं चित्रपटातलं सूत्र हवेतून आलेलं नाही. अमेरिकेत ‘नॅशनल मेडिकल एंटरप्रायझेस’ या रुग्णालय कंपनीने १९९४ मध्ये अशाच प्रकारच्या फसवणुकीच्या प्रकरणात गुन्हा कबूल करून ३७ कोटी ९० लाख डॉलर भरले. आणि आपल्याकडे कायदा चांगला असला तरी अंमलबजावणी रखडलेली होती. महाराष्ट्रातली मंडळं मार्गी लागावीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. नवऱ्याने दाखल केलेली बाई बरी होऊनही वर्षानुवर्षं ठाण्याच्या मनोरुग्णालयात राहिली, हे त्याच याचिकेतून पुढे आलं. याचा राग मलाही आहे. पण त्यावर उपाय आहे तो मंडळापुढे अर्ज करणं आणि न्यायालयाचं दार ठोठावणं. उपचार टाळून ती बाई सुटली नसती.

शॉकबद्दल थोडक्यात. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देण्यास कलम ९५ ची बंदी आहे. तातडीच्या प्रसंगी कायदा ७२ तासांपर्यंत उपचारांची मुभा देतो, त्यांत शॉक देताच येत नाही. एकांतकोठडी कलम ९७ ने पूर्ण बंद केली आहे. हे कुठे घडत असेल तर तो गुन्हा आहे: पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

राहिला पाठलाग. स्पष्ट नकार दिल्यावरही बाईच्या मागे जाणं, पुन्हा पुन्हा संपर्क करणं, तिच्या इंटरनेट-ईमेलवर पाळत ठेवणं हा २०१३ पासून गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, दुसऱ्या वेळी पाच वर्षांपर्यंत आणि जामीन हक्काने मिळत नाही. प्रकरणं कोसळतात ती बहुतेकदा पुराव्यात. रागाने चॅट पुसून टाकलेलं असतं, किंवा नकार कधी लेखी दिलेलाच नसतो. एकदाच, एका ओळीत, ‘मला संपर्क करू नकोस’ असं लिहा आणि पुढे उत्तर देऊ नका. तारीख, वेळ आणि खात्याचा पत्ता दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा. मूळ फोन विकू नका. कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) गुन्हा नोंदवता येतो, त्यामुळे गाव सोडलं असेल तरी अडत नाही.

पाठलाग करणारा परका असेल तर तो तुम्हाला दाखल करायला अर्जच करू शकत नाही. तो नवरा किंवा नातेवाईक असेल तर मात्र भीती खरी आहे, कारण तुम्ही कुणाचं नाव दिलेलं नसेल तर प्रतिनिधी म्हणून नातेवाइकाचा नंबर आधी लागतो. त्यावर कलम १४ चा उपाय साधा आहे. कोऱ्या कागदावर, ‘माझी नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून मी अमुक हिला नेमत आहे’ असं लिहा, तारीख घाला, सही किंवा अंगठा करा. ती व्यक्ती सज्ञान हवी आणि ही जबाबदारी घ्यायला तिची लेखी तयारी हवी. एक प्रत तिच्याकडे, एक आपल्या डॉक्टरकडे. मन बदललं तर कधीही रद्द करून दुसरं नाव लिहिता येतं.