माणूस गेला, सेल लागला

अमेरिकेत एखाद्या घरातली म्हातारी माणसं गेली, किंवा मोठं घर सोडून वृद्धाश्रमातल्या दोन खोल्यांत राहायला गेली, की मुलं विमानाने येतात, आईची अंगठी आणि दोन-चार फोटो उचलतात आणि घराची किल्ली इस्टेट सेलवाल्या कंपनीच्या हातात ठेवून परत जातात. कंपनीची माणसं कपाटं उपसतात, चमच्यापासून गवत कापायच्या यंत्रापर्यंत प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावतात आणि बहुतेक शुक्रवार ते रविवार दार उघडतात. विक्रीतले साधारण ३० ते ५० टक्के कंपनीचे, उरलेले वारसांचे. आपण जायचं ते वस्तू स्वस्त मिळतात म्हणून. गेल्यावर मात्र चेहरा कसा ठेवावा ते शेवटपर्यंत कळत नाही, कारण प्रसंग मयताचा आणि हातात पिशवी बाजाराची.

घरी एखाद्या वस्तूचा फोटो पाठवला की पहिला प्रश्न किमतीचा येत नाही. ‘कोण गेलं?’ असा येतो.

याला आमच्या आज्यांचा नियम कारणीभूत आहे. गेलेल्या माणसाची गादी, उशी, अंथरूण-पांघरूण घरात ठेवायचं नाही, देऊन टाकायचं. हा नियम सांगणाऱ्या आजीच्या हातात मात्र तिच्या सासूच्या पाटल्या असायच्या, आणि फळीवरचे पितळी डबे आजेसासूचे. म्हणजे दोष कापसाला लागतो, धातूला लागत नाही. हे कुठल्या पोथीत लिहिलंय ते मला विचारू नका, पण इस्टेट सेलला निघताना याहून उपयोगी नियम नाही. धातू, काच, दगड, सागवानासारखं भरीव लाकूड बिनधास्त बघावं. फोम, कापूस, गालिचा आणि कापड लावलेलं फर्निचर याकडे लांबूनच हसावं.

कारण ढेकूण. पूर्ण वाढलेला ढेकूण सफरचंदाच्या बीएवढा असतो, अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, आणि रक्ताचा थेंब न मिळताही तो कित्येक महिने काढतो. घर सहा महिने बंद होतं हे ऐकून निश्चिंत होऊ नये. सोफा घ्यायचाच असेल तर बॅटरी लावून शिवणी बघा, उलटा करून खालचं काळं कापड बघा, लाकडी पलंगाची स्क्रूची भोकं आणि ड्रॉवरचे सांधे बघा. शाईचे ठिपके असावेत तसे काळे डाग दिसले तर तिथेच सोडा. कापड घेतलंच तर घरात न्यायच्या आधी ड्रायरमध्ये, सगळ्यात जास्त उष्णतेवर, निदान अर्धा तास. सिगारेटचा वास हा दुसरा शत्रू. लाकडातून तो व्हिनेगरच्या पाण्याने पुसून आणि उन्हात ठेवून थोडा जातो. पुरता दाबायचा तर आतून-मागून शेलॅकचा, म्हणजे आपल्या लाखेचाच, हात मारावा लागतो. सोफ्यातला वास मात्र सोफ्याबरोबरच जातो.

आता रांग. पूर्ण पत्ता सहसा आदल्या दिवशी वगैरे कळतो, जाहिरातीतले फोटो आधीपासून दिसतात. दार नऊला उघडणार असलं तरी जुन्या वस्तूंचे व्यापारी पहाटेच हजर असतात, आणि त्यांच्यातलाच एक वहीच्या कागदावर नावांची यादी सुरू करतो. ही यादी कंपनी मानते की नाही हे कंपनीच्या मर्जीवर. काही ठिकाणी आठ वाजता कंपनी स्वतःचे नंबर वाटते आणि पहाटेची यादी केराच्या टोपलीत जाते. त्या दहा मिनिटांत जे शब्द ऐकू येतात ते मयताच्या घरी शोभत नाहीत. नंतर वीस-पंचवीस माणसं आत, मग एक बाहेर आला की एक आत.

आत गेल्यावर गर्दी दागिन्यांच्या काचपेटीकडे वळते. वळू दे. त्यातलं सोनं सेलवाल्यांनी आधीच वजन करून तपासलेलं असतं. आपण तळघर आणि गॅरेज गाठावं. मोठ्या वस्तूच्या चिठ्ठीचा खालचा तुकडा फाडून हातात घेतला की ती आपली, असा बहुतेक ठिकाणचा रिवाज. टेबलाचं माप घेत, फोटो पाठवत, ‘घेऊ का गं?’ विचारत उभं राहिलात की शेजारचा शांतपणे वाकतो आणि चिठ्ठी फाडून निघून जातो. माप हवं ते आपल्या दाराचं, आणि ते घरून घेऊन यायचं. घेतलेली वस्तू उचलून न्यायची जबाबदारी आपली. दोरी, जुनं ब्लँकेट आणि एक धट्टाकट्टा मित्र सोबत हवा. परत घेणं नाही, बदलून देणं नाही.

मराठी माणसाने इथे शोधावी अशी एकच वस्तू सांगायची तर तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा. पेनसिल्व्हेनियातल्या एरीची ग्रिसवोल्ड आणि ओहायोतल्या सिडनीची वॅग्नर या दोन कंपन्यांचं जुनं बीड पातळ, हलकं आणि आतून घासून गुळगुळीत केलेलं असतं. आजचं बहुतेक नवं बीड हाताला खरखरीत लागतं. तळाला ८ आकडा दिसला तर तो इंच समजू नका. तो जुन्या चुलीच्या तोंडाचा नंबर. तवा साधारण साडेदहा इंचांचा निघतो. घावन-आंबोळ्यांसाठी उभ्या काठाचं स्किलेट घेतलंत तर उलथनं आत शिरत नाही आणि घावनाचा उपमा होतो. बुटक्या काठाची गोल ग्रिडल शोधा.

चिठ्ठी फाडायच्या आधी तवा ओट्यावर ठेवून कडेला बोटाने दाबा. डुगडुगला तर तळ वाकलाय. गॅसवर चालून जाईल, काचेच्या शेगडीवर भोवऱ्यासारखा फिरेल. मग मूठ दोन बोटांत धरून तवा लटकता ठेवा आणि बोटाच्या पेराने वाजवा, आपण माठ घेताना वाजवतो तसा. खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे, आणि तडा गेलेल्या बिडाला इलाज नाही. तांबडा गंज जातो, गंजाने पडलेले खड्डे जात नाहीत. तवा स्वयंपाकघरात न सापडता गॅरेजमध्ये, बंदुकीच्या गोळ्यांच्या किंवा मासेमारीच्या वजनांच्या साच्यांशेजारी सापडला तर तो कितीही देखणा असो, सोडा. त्यात शिसं वितळवलेलं असू शकतं.

घरी आणल्यावर जळक्या तेलाचा जुना थर काढायला कॉस्टिक सोड्याचा ओव्हन-क्लीनर फवारायचा, तवा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून एक दिवस ठेवायचा. रबरी हातमोजे घालून, उघड्यावर, आणि अ‍ॅल्युमिनियमपासून लांब. गंजाला अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी, फार तर अर्धा तास. त्यापुढे व्हिनेगर लोखंडच खायला लागतं. धुऊन लगेच कोरडा करायचा, तेलाचा हात लावायचा आणि तेल लावलंच नव्हतं असं वाटेपर्यंत पुसायचा. मग ओव्हनमध्ये पालथा, ४५० अंश फॅरनहाइटला एक तास. हे तीनदा, म्हणजे तेलाचा नवा थर धरतो. तेल जाड राहिलं की चिकट चट्टे पडतात, आणि खिडकी उघडायची राहिली की धुराचा भोंगा सगळ्या सोसायटीला तुमच्या खरेदीची बातमी देतो.

बाकीचं थोडक्यात. कोरेल कंपनीच्या फुलाफुलांच्या बश्या इथल्या प्रत्येक देशी घराला भुरळ घालतात, पण २००५च्या आधीच्या बश्या शोभेपुरत्याच ठेवा असं कंपनीनेच सुचवलंय. रंगातल्या शिशाची शंका आहे. चांदीच्या चमच्यामागे ‘स्टर्लिंग’ किंवा ९२५ हवं. ‘ईपीएनएस’ म्हणजे जर्मन सिल्व्हर या चांदी नसलेल्या धातूवर चांदीचा मुलामा. सिंगरचं छोटं २२१ शिलाई मशीन जेमतेम पाच किलोचं, आणि ते बघून प्रत्येकाला गावाकडची मावशी आठवते. चाक हाताने फिरवून बघा, वायरीचं आवरण तडकलंय का बघा, आणि मावशीकडे पाठवायच्या आधी आठवा की मोटर ११० व्होल्टवर चालणारी आहे. सांगलीत प्लग लावला की मावशी आणि मशीन दोघीही तडतडतील.

इथवर आजीचा नियम साथ देतो. स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या पत्र्याच्या डब्याशी तो गप्प होतो. डब्यात तीन बाय पाच इंचांची कार्डं असतात, घरच्या बाईच्या अक्षरात लिहिलेल्या पाककृतींची. कोऱ्या करकरीत कार्डावरचा पदार्थ कधी झालेलाच नसतो. लोणी सांडून पारदर्शक झालेलं, कोपरे गेलेलं कार्ड तेवढं खरं. त्यावर पेन्सिलीने साखर एक वाटीवरून पाऊण केलेली असते आणि कोपऱ्यात ‘बॉबला आवडतं’. किंमत ४ डॉलर. डबा धातूचा, कार्डं कागदाची, अक्षर कशाचं म्हणायचं? माझं मत असं की हा डबा घेऊ नये, आणि कोणी घेतला तर त्याला नावंही ठेवू नयेत. बॉबने घेतला नाही याचा राग मात्र येतो.

भाव करायचा तो दिवस बघून. पहिल्या दिवशी सकाळी घासाघीस केलीत तर कॅशवरची बाई वरही बघणार नाही. दुसऱ्या दिवशी बऱ्याच ठिकाणी २५ टक्के सूट, शेवटच्या दिवशी ५०. वस्तू एकेक करून न विचारता ढीग करून ‘सगळं मिळून किती?’ विचारावं. शेवटच्या तासात त्याच बाईला घर रिकामं करायची घाई असते. मग ६० डॉलरचा तवा २५ला येतो, वर खिळ्यांनी भरलेला कॉफीचा डबा फुकट. हळहळ सकाळी वाटली होती तेवढीच दुपारीही वाटते, फक्त ती आता निम्म्या किमतीत मिळते.

तव्यावरचे पहिले दोन-तीन घावन चिकटतील. चौथा सुटेल, कडेने जाळी धरेल, आणि पाहुणे विचारतील कुठून आणला. ‘जुना आहे’ म्हणावं आणि चटणी पुढे करावी.