जांभळ्या ग्रो लाइटचा आग्रह सोडा

पावसाळ्यात खिडकीतला उजेड कमी झाला की घरात रोपं लावणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरतो: ‘पानं हिरवा प्रकाश परत फेकतात, म्हणून झाडाला फक्त लाल आणि निळाच लागतो. पांढरा एलईडी कुचकामी. नासाही लाल-निळा मिळून होणारा जांभळाच वापरते. जास्तीत जास्त वॅटचा ग्रो लाइट घ्या आणि चोवीस तास चालू ठेवा.’ लोक यावर विसंबून ग्रो लाइटवर, म्हणजे रोपं वाढवण्यासाठीच्या दिव्यावर, पदरचे पैसे घालतात. तरीही कोथिंबीर लांबडी होऊन माना टाकते आणि मग ‘माझ्या हाताला गुणच नाही’ म्हणून कुंड्या रिकाम्या होतात. म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

हिरव्याबद्दलचं विधान मुळातच चुकीचं आहे. पान हिरवा प्रकाश इतर रंगांपेक्षा थोडा जास्त परतवतं, एवढंच खरं. निरोगी, गडद पान अंगावर पडलेल्या हिरव्या प्रकाशातला बहुतेक भाग शोषूनच घेतं. कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषला जातो हे दाखवणारा, मेसेजसोबत येणारा दोन उंच शिखरांचा आलेख पानाचा नसतोच. तो पानातून काढून द्रावणात विरघळवलेल्या हरितद्रव्याचा असतो. जिवंत पानात प्रकाश पेशींमधून वळत, आपटत फिरतो आणि हरितद्रव्याशी त्याची पुन्हा पुन्हा गाठ पडते. लाल-निळा बराचसा वरच्या थरांतच संपतो, हिरवा मात्र खालच्या थरांपर्यंत पोचतो. कीथ मॅक्री या संशोधकाने १९७२ मध्ये २२ पिकांच्या पानांवरची मोजमापं प्रसिद्ध केली. लाल सर्वांत परिणामकारक निघाला, पण हिरव्यातही प्रकाशसंश्लेषण चांगलं चालू होतं. पन्नास वर्षं उलटली तरी हा समज जात नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

पांढरा एलईडी कुचकामी? त्याच्या आत निळाच एलईडी असतो, वर पिवळसर फॉस्फरचा, म्हणजे निळ्यातला काही भाग इतर रंगांत बदलणाऱ्या द्रव्याचा, थर. त्यामुळे निळा, हिरवा, लाल सगळंच त्यातून मिळतं. जांभळ्या दिव्याने झाडं वाढत नाहीत असं मी म्हणत नाही. लाल एलईडी विजेच्या मानाने झाडाला प्रकाश जास्त देतो, म्हणून बंदिस्त व्यावसायिक शेतीत त्याला अर्थ आहे. पण घरात जांभळ्या उजेडात पान काळपट दिसतं. पानामागचा मावा, नुकतंच सुरू झालेलं पिवळेपण वेळेवर कळत नाही.

आणि नासा? अंतराळ स्थानकावर २०१४ मध्ये गेलेल्या ‘व्हेजी’ या लागवड यंत्रणेत लाल-निळ्यासोबत हिरवे एलईडीही आहेत.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती वॅटच्या आकड्यात. खोक्यावर ठळक ‘१००० वॅट’ असतं, मागे बारीक अक्षरांत प्रत्यक्ष वीजवापर त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. आणि वॅट म्हणजे खाल्लेली वीज. पानावर किती उजेड पडतो ते त्यावरून कळत नाही. पांढऱ्या दिव्यांपुरतं मोबाइलमधलं लक्स (एखाद्या जागेवर पडणारा उजेड) मोजणारं अ‍ॅप अंदाजाला पुरतं. फोन पानाच्या उंचीवर, पडदा दिव्याकडे करून धरा. मेथी, कोथिंबीर, पालकाला साधारण दहा हजार लक्स, रोज चौदा तास, हे धरून चाला. बाहेर भर उन्हात लाखभर लक्स असतात. घरात आपल्याला लख्ख वाटणाऱ्या खोलीत बऱ्याचदा काहीशेच. आपले डोळे इथे दगा देतात. वीस वॅटची चार फुटी एलईडी बॅटन (नळीसारखा लांब दिवा) साधारण दोन हजार ल्युमेन, म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड, देते. ती छताला असेल तर रोपाला काहीच उपयोग नाही. रोपांच्या शेंड्यांपासून वीतभर उंचीवर हवी. तिथेही पालेभाजीच्या ट्रेला एक बॅटन पुरत नाही, तीन शेजारी शेजारी लावाव्या लागतात. साठ वॅट, चौदा तास: महिन्याला पंचवीसेक युनिट. मायक्रोग्रीन्स, म्हणजे नुकती उगवलेली कोवळी रोपं, मात्र एकीवरही निघतात.

चोवीस तासांचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे. टोमॅटोला अखंड उजेडात ठेवलं तर पानं पिवळी पडतात. शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. पॉलिहाउसमधले शेतकरी रात्री दिवे लावतात ते तिची फुलं लांबवण्यासाठीच. तेव्हा कोथिंबिरीच्या दिव्याखाली, चौदा तासांच्या उजेडात, शेवंतीची कुंडी ठेवू नका. तिला वेगळ्या खोलीत, संध्याकाळी खरोखर अंधार होतो अशा खिडकीपाशी जागा द्या.