नुसता धीर पुरत नाही
न्यूमोनियानंतर वृद्धाश्रमातले आजी-आजोबा सावकाशच सुधारतात, धीर धरा, असं एका लेखात वाचलं. धीर हवाच, पण लक्षही हवं. माझी मावशी पुण्यातल्या एका वृद्धाश्रमात असते. न्यूमोनियाचा ताप कधीच उतरला, तरी ती अजून अंथरुणातच. दोन चमचे पेज घेते नि तोंड फिरवते, पाणी पिताना ठसका लागतो. हा ठसका अंगावर काढू नका. अन्नपाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया उलटू शकतो. शिवाय या वयात पडून राहिलं की पायांतली ताकद झपाट्याने जाते, म्हणून रोज थोडा वेळ तरी खुर्चीत बसवायला हवं. तिथल्या ताई मायेनं करतात, पण रात्री एकटीवर किती जणांचा भार! फिजिओथेरपिस्टला लवकर बोलवा म्हणून मी मागे लागलेय. फार काळजी वाटते हो तिची.