‘अनुभवी कृष्णवर्णीय मॅनेजर होतेच कुठे?’ बक ओ'नील होते!

बेसबॉलच्या गप्पांत एक दावा सतत फिरतो. १९७५ मध्ये फ्रँक रॉबिन्सन क्लीव्हलँड संघाचे मॅनेजर झाले; त्याआधी मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, कृष्णवर्णीय मॅनेजर नव्हता, कारण तेवढ्या अनुभवाचा माणूसच नव्हता. निग्रो लीगमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये, नुसती करमणूक चालायची, आणि १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मेजर लीगमध्ये आल्यावर दार सगळ्यांना उघडंच होतं.

आधी अनुभवाचं बघू. बक ओ'नील १९४८ ते १९५५ अशी आठ वर्षं निग्रो लीगमधल्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाचे मॅनेजर होते, तेही खेळाडू-मॅनेजर. बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला कर्णधार आणि प्रशिक्षक एकाच माणसात. फलंदाजीचा क्रम तोच लावतो, पिचर (चेंडू टाकणारा) कधी बदलायचा हेही तोच ठरवतो. बक हे सगळं स्वतः फर्स्ट बेसवरचं क्षेत्ररक्षण सांभाळून करत, आणि दौऱ्यावर दक्षिणेत तर संघाला गोऱ्यांच्या हॉटेलात खोलीही मिळत नसे. एल्स्टन हॉवर्ड त्यांच्या हाताखाली खेळले आणि पुढे १९५५ मध्ये न्यूयॉर्क यँकीजचे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू झाले. मेजर लीगमध्ये ५१२ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारणारे एर्नी बँक्ससुद्धा बक यांच्याच मोनार्क्समधून गेले.

आणि अनुभवाची ही अट गोऱ्यांना होती का? ह्याच क्लीव्हलँडने १९४१ च्या अखेरीस लू बूद्रो यांना खेळाडू-मॅनेजर नेमलं तेव्हा ते २४ वर्षांचे होते. मेजर लीगमध्ये मॅनेजर म्हणून एकही सामना त्यांनी हाताळलेला नव्हता. ह्या दाव्याची मला सगळ्यात चीड येते ती इथे.

करमणुकीचं म्हणाल, तर काही संघ विनोदी खेळ करत, हे खरं. पण मोनार्क्स त्यातले नव्हते. मेजर लीगचा पहिला रात्रीचा सामना १९३५ मध्ये झाला. मोनार्क्स १९३० पासूनच स्वतःचे दिवे सोबत घेऊन रात्री खेळत होते. शिवाय मेजर लीगनेच २०२० मध्ये १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगना मेजर दर्जा दिला.

राहिलं उघडं दार. मोनार्क्स सोडल्यावर बक मेजर लीगमधल्या शिकागो कब्ज संघासाठी नवे खेळाडू हेरू लागले. लू ब्रॉक त्यांनीच आणला. १९६२ मध्ये कब्जने त्यांना प्रशिक्षक केलं, मेजर लीगमधले पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक. त्या काळात कब्जमध्ये मॅनेजरच नव्हता. प्रशिक्षकांपैकीच एकेक जण पाळीपाळीने मुख्य व्हायचा. बक तेव्हा ५० वर्षांचे होते, मॅनेजरकीची आठ वर्षं गाठीशी होती. त्यांची पाळी कधीच आली नाही.